आरशाला गणपती लटकवू नका: अमेरिकेत पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

दर ऑगस्टला मंडळाच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो, नवीन आलोय, गाडी घ्यायचीय, काय काय बघू. आणि दरवर्षी मी तेच तेच टाइप करतो, म्हणून यावेळी एकदाच बसून सगळं लिहून काढतोय. मी सेंट पॉल भागात राहतो, मिनेसोटात, अकरा वर्षं झाली, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येणार, तुमच्या राज्याचे नियम तुमचे तुम्ही तपासा. आणि आधीच सांगतो, यात टायर आणि मायलेज कमी आणि रंगाबद्दल जास्त आहे, गाडीच्या नाही, माणसाच्या. गाडी घेणं, इन्शुरन्स काढणं, पोलिसाने थांबवणं, या तिन्ही गोष्टी इथे कोणाच्या बाबतीत कशा घडतात ते रंग सोडून कळतच नाही. मला कळायला सहा वर्षं लागली.

गाडी लागतेच, त्यात वाद नाही. पहिल्या हिवाळ्यात मी उणे वीसमध्ये बसस्टॉपवर दुधाचा कॅन घेऊन उभा राहायचो आणि घरी येईपर्यंत त्यात बर्फाचे तुकडे खुळखुळायला लागलेले असायचे. मग गाडी आली आणि पहिल्याच शनिवारी कोणाला न सांगता ड्युलुथपर्यंत गेलो, लेक सुपिरियर बघितला, ब्रेड-बटर खाल्लं आणि परत आलो. अकरावीत लूना मिळाल्यावर पुण्याहून सिंहगडापर्यंत गेलो होतो ना, डिट्टो तसं वाटलं. इथले लोक गाडी आणि फ्रीडम हे शब्द एका दमात का घेतात ते त्या दिवशी समजलं.

पण हेच स्वातंत्र्य काळ्या माणसासाठी नुसती मजा नव्हती, सुटका होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पूर्वी बसमध्ये मागे बसा, ट्रेनमध्ये वेगळ्या डब्यात बसा, असा कायदाच होता, त्यामुळे ज्याला जमलं त्याने स्वतःची गाडी घेतली, म्हणजे निदान कोणी उठ म्हणणार नाही. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. १९०१ मध्ये लहानगे बाबासाहेब भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले, वडिलांकडे कोरेगावला जायचं होतं, आणि पोरं महार आहेत कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, बैलगाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालत येणार, असं ठरलं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय हे. ज्याला दुसऱ्याच्या गाडीत जागा नाही त्याला स्वतःची गाडी म्हणजे काय, हे ज्याने मसूरची गोष्ट वाचलीय त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता गाडी असली तरी वाटेत पेट्रोल कुठे भरणार, रात्री झोपणार कुठे? काही गावांच्या वेशीवर तर पाट्याच असायच्या, सूर्य मावळायच्या आत काळ्यांनी निघून जावं. म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्युगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ पासून एक गाइड छापायला घेतलं, ग्रीन बुक, कुठलं हॉटेल, कुठलं गॅरेज, कुठला न्हावी काळ्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही त्याची यादी. एस्सोच्या पंपांवर मिळायचं ते. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर दोन-तीन वर्षांत बंद झालं. म्हणजे अमेरिकेत गाडीने फिरायचं कसं याचं गाइड लिहिणारा मी काही पहिला नाही, आणि त्या पोस्टमनच्या तुलनेत माझं काम फारच सोपंय.

डीलरकडे जाण्याआधी

डीलरकडे जायच्या आधी क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे इथल्या पतसंस्थेत, जा आणि लोन तिथून अप्रूव्ह करून घ्या. हे एवढं एक केलंत तरी बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. कारण असं होतं, तुम्ही नवीन, क्रेडिट हिस्टरी नाही, डीलर गोड बोलून म्हणतो काळजी नको, लोनचं मी बघतो. तो तुमचा अर्ज बँकेला पाठवतो, बँक त्याला सांगते समजा सहा टक्के, आणि तो तुम्हाला सांगतो आठ. मधल्या फरकातला वाटा त्याच्या खिशात. वीस हजारांचं पाच वर्षांचं लोन धरा, सहा टक्क्यांनी हप्ता ३८७ च्या आसपास, आठने ४०५ च्या वर, महिन्याला अठरा-एकोणीस डॉलर काय वाटत नाहीत पण शेवटी ११३० डॉलर जास्त गेलेले असतात. मी गेलो होतो तेव्हा माझा हप्ता किती बसेल एवढंच त्या माणसाने तीन वेळा विचारलं, एकूण किंमत मी विचारली की कॉफी आणायला उठायचा. शेवटी मी सही केली. आता हसू येतं पण साठ महिने हसू नव्हतं येत.

तर हप्त्यावर बोलूच नका. आउट-द-डोअर किंमत विचारा, म्हणजे टॅक्स, रजिस्ट्रेशन, डॉक फी (डीलरची कागदपत्रांची फी) सगळं धरून दारातून बाहेर पडताना किती, आणि ती कागदावर किंवा ईमेलवर घ्या. ईमेलवर चार डीलरना विचारलंत तर अजून उत्तम, फोनवर आपला अ‍ॅक्सेंट कळतो आणि समोर गेलं की चेहरा.

चेहऱ्याचं मी उगाच म्हणत नाहीये. इयन एअर्स नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने शिकागोच्या डीलरशिप्समध्ये माणसं पाठवून बघितलं होतं, १९९१ ला छापून आलं, गोरे, काळे, पुरुष, बायका, सगळ्यांना घासाघीस करायची एकच स्क्रिप्ट पाठ करून दिलेली, गाडी तीच. सगळ्यात कमी भाव गोऱ्या पुरुषांना मिळाला. आणि व्याजाचं म्हणाल तर २०१३ मध्ये अ‍ॅलाय या मोठ्या ऑटो-लोन कंपनीने सरकारबरोबर ९.८ कोटी डॉलरची तडजोड केली, सरकारचा आरोप हाच होता की डीलरच्या मार्कअपमुळे, म्हणजे तो व्याजात वर चढवतो त्या टक्क्यांमुळे, काळे, हिस्पॅनिक आणि एशियन गिऱ्हाईक जास्त व्याज भरतायत. एशियन म्हणजे त्यात आपणही आलो हो. लोनच्या फॉर्मवर वंशाचा रकाना नसतो, तरी हे होतं, कारण मार्कअप किती लावायचा ते समोर बसलेल्या माणसाच्या अंदाजावर असतं. यावर सरकारी एजन्सीने जे मार्गदर्शन काढलं होतं ते २०१८ मध्ये संसदेने रद्दही करून टाकलं. म्हणून म्हणतो, क्रेडिट युनियन.

इन्शुरन्स

मिनेसोटात इन्शुरन्सशिवाय गाडी चालवता येत नाही, कमीत कमी लायबिलिटी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर, ३०-६०-१० हजार (एका माणसाच्या इजेला, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेला, मालमत्तेला), तेवढीच घेऊ नका, थोडी जास्त घ्या, इथलं हॉस्पिटलचं बिल आपल्या कल्पनेच्या बाहेरचं असतं. तीन-चार कंपन्यांची कोटेशन्स घ्या, दर दोन वर्षांनी परत घ्या, कंपनीशी एकनिष्ठ राहण्याचं बक्षीस कोणी देत नाही.

पण एक गंमत बघा. मी आधी शहरात युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूजवळ भाड्याने राहायचो, मग लग्नानंतर सबर्बमध्ये गेलो. गाडी तीच, लायसन्स तेच, अपघात शून्य तेव्हाही आणि आत्ताही, आणि ऑफिसला जायचं अंतर उलट वाढलेलं. प्रीमियम कमी झाला. का, तर झिप कोड, म्हणजे आपला पिन कोड, बदलला. मी खूश होऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली म्हणजे आधी आपण शेजाऱ्यांचे पैसे भरत होतो की आता शेजारी आपले? मला उत्तर नाही सुचलं. २०१७ मध्ये प्रोपब्लिका आणि कन्झ्युमर रिपोर्ट्सने कॅलिफोर्निया, इलिनॉय, टेक्सस आणि मिसुरी या चार राज्यांचे आकडे काढले तेव्हा दिसलं की धोका तेवढाच असला तरी अल्पसंख्याक वस्तीच्या झिप कोडला काही कंपन्या जास्त प्रीमियम लावतात. क्रेडिट स्कोअर पण धरतात, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, हवाईमध्ये त्याला बंदी आहे, बाकी बहुतेक ठिकाणी चालतं. तर घर बघताना त्या झिप कोडचं कोटेशन आधी काढा हा माझा व्यवहारी सल्ला, आणि हो, हा सल्ला देताना मला थोडं कसंतरी होतं.

या इन्शुरन्सचं एक जुनं प्रकरण सांगतो, विषय निघालाच आहे तर. अलाबामातल्या माँटगोमेरीत डिसेंबर १९५५ ला बसमधली जागा गोऱ्याला सोडली नाही म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली आणि काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, ३८१ दिवस. आपण शाळेत एवढंच शिकतो की ते चालत गेले. चालले, पण बहिष्कार टिकला तो गाड्यांवर. आधी काळे टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, १० सेंटला, माणसं न्यायला लागले, तर शहराने कमीत कमी ४५ सेंटच्या नियमावर बोट ठेवून ते बंद केलं. मग कारपूल उभं केलं, शेकडो गाड्या, ठरलेले थांबे, चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगन. मग पोलीस बारीकसारीक कारणावरून दंडाची तिकिटं फाडायला लागले, मार्टिन ल्युथर किंगना जानेवारी १९५६ मध्ये पकडलं ते २५ च्या झोनमध्ये ३० ने गाडी चालवली म्हणून. आणि मग त्या गाड्यांचे इन्शुरन्सच रद्द व्हायला लागले, शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून काढावे लागले. तिकीट, पॉलिसी, मी या गाइडमध्ये ज्या कंटाळवाण्या गोष्टी सांगतोय ना, त्याच सगळ्या हत्यार म्हणून वापरल्या गेल्या होत्या.

आता तो गणपती

आपल्या प्रत्येकाच्या गाडीत आरशाला काहीतरी लोंबत असतं. गणपती, रुद्राक्ष, लिंबू-मिरची, सासूबाईंनी शिर्डीहून आणलेलं लॉकेट. काढा. ड्रायव्हर आणि काच यांच्यामध्ये काही लटकवायचं नाही असा नियम बऱ्याच राज्यांत आहे, काही ठिकाणी अलीकडे सैल केलाय, पण तुमचं राज्य कुठलं ते तुम्ही बघा. गणपती डॅशबोर्डवर डबल टेपने चिकटवा, छोटा, काचेच्या कडेच्या खाली बसेल असा. बाप्पाला चालतं.

यात श्रद्धेचा प्रश्न नाहीये. ११ एप्रिल २०२१ ला आमच्या इथून पंधरा-वीस मिनिटांवर ब्रुकलिन सेंटरला डॉन्टे राइट नावाच्या वीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी थांबवलं. नंबर प्लेटवरचा रजिस्ट्रेशनचा स्टिकर जुना झालेला आणि आरशाला एअर फ्रेशनर लटकत होतं. त्याच्या नावावर वॉरंट निघालं, झटापट झाली, आणि पोलीस बाईने टेझर (विजेचा झटका देणारं यंत्र) समजून पिस्तूल काढलं असं तिचं म्हणणं, मुलगा गेला. तिला शिक्षा झाली, दोन वर्षं. तेव्हा तिकडे मिनियापोलिसच्या कोर्टात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या खुनाबद्दल पोलिसावर खटला चालू होता, त्याच महिन्यात.

मुद्दा काय, एअर फ्रेशनर हे कारण नसतं, निमित्त असतं. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये सांगून टाकलंय की वाहतुकीचा कुठलाही नियम खरंच मोडला असेल तर थांबवणं कायदेशीर, पोलिसाच्या मनात दुसरंच काही असलं तरी. आणि गाडी चालवणारा प्रत्येक माणूस दहा मिनिटांत काहीतरी मोडतोच, इंडिकेटर उशिरा, लेनची रेघ, नंबर प्लेटवरचा दिवा. मग कोणाला थांबवायचं हे पोलीस ठरवतो. स्टॅनफर्डच्या लोकांनी देशभरातल्या जवळजवळ दहा कोटी स्टॉप्सचे रेकॉर्ड गोळा करून बघितले, तर अंधार पडल्यावर, म्हणजे चालवणारा कोण ते दिसेनासं झाल्यावर, थांबवलेल्या लोकांत काळ्यांचं प्रमाण कमी होतं. मिसुरीतल्या फर्ग्युसन गावात ६७ टक्के वस्ती काळी आणि थांबवलेल्या गाड्यांमध्ये ८५ टक्के ड्रायव्हर काळे, हे न्याय खात्याच्या २०१५ च्या रिपोर्टमध्ये आहे, आणि तिथे दंड हा गावाच्या बजेटचा भाग होता, चक्क टार्गेट असायचं.

थांबवलं तर

मागे लाल-निळे दिवे दिसले की इंडिकेटर द्या, हळू करा, उजवीकडे सुरक्षित जागी थांबा. इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली, दोन्ही हात स्टीअरिंगवर. आणि गाडीतून उतरू नका. परत लिहितो, उतरू नका.

मी उतरलो होतो. पहिल्याच वर्षी, एका सबर्बमध्ये, स्पीडिंगला. सातारा रोडवर पोलिसाने हात केला की आपण काय करतो, गाडी स्टँडला लावतो आणि कागद घेऊन साहेबांकडे जातो ना, तसाच मी लायसन्स काढून त्याच्या गाडीच्या दिशेने चालायला लागलो, हसत. तो भोंग्यावरून ओरडला गेट बॅक इन द कार, हात त्याचा कमरेला. मी पळत परत. मग त्याने येऊन विचारलं किती दिवस झाले या देशात, आणि वॉर्निंग देऊन सोडलं.

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं पार्टीत जोक म्हणून सांगायचो, आणि एकदा ऑफिसात लंचला सांगितली. सगळे हसले, आमच्या टीममधला एक जण, काळा आहे, तो नाही हसला. त्याने फक्त विचारलं, दिवस होता का रात्र? मग जेवण झाल्यावर मला पार्किंगमध्ये नेऊन त्याची गाडी दाखवली. करड्या रंगाची साधी सेडान, त्याला परवडली असती त्याच्या निम्म्या किमतीची. एसीच्या जाळीला क्लिपने पारदर्शक पाकीट लावलेलं, त्यात लायसन्स, इन्शुरन्स कार्ड, रजिस्ट्रेशन, म्हणजे खिशात नाही, ग्लोव्ह बॉक्समध्ये नाही, हात कुठेही न्यायला नको. डॅशकॅम. मुलगा सोळाचा झाला तेव्हा पार्किंगमध्ये दोन शनिवार याने फक्त थांबायची प्रॅक्टिस करून घेतली, पॅरलल पार्किंग नंतर. ते पाकीट साताठ डॉलरला मिळतं. मी त्याच संध्याकाळी ऑर्डर केलं.

बोलायचं काय? नम्र आणि कमी. डू यू नो व्हाय आय स्टॉप्ड यू याचं उत्तर नो ऑफिसर, कबुलीजबाब द्यायची गरज नाही. कागद मागितले की आधी सांगा कुठे आहेत, मग हात न्या. गाडीतून उतरायला सांगितलं तर उतरा, तो अधिकार त्यांना १९७७ पासून आहे. गाडी तपासू का विचारलं तर, आय डोन्ट कन्सेंट टू अ सर्च, शांतपणे, एकदाच. नाही म्हणायचा हक्क आहे हे त्यांनी तुम्हाला सांगायलाच पाहिजे असं नाही, म्हणून मी सांगतोय. तरीही तपासली तर अडवू नका, ते कोर्टात बघायचं. तिकीट देऊन झालं की अ‍ॅम आय फ्री टू गो, असं विचारा, २०१५ पासून ड्रग्ज हुंगणारा कुत्रा येईपर्यंत उगाच थांबवून ठेवता येत नाही, ठोस संशय असेल तर गोष्ट वेगळी. तिकिटावर सही म्हणजे गुन्हा कबूल नाही. आणि चिरीमिरीचा विचार मनातही आणू नका, डॉलर पाकिटाबाहेर दिसला तरी लाच समजू शकतात, व्हिसा जाऊ शकतो. दारू पिऊन चालवलं तरी व्हिसा जाऊ शकतो, त्यावर मी वेगळं काही लिहिणार नाही.

शेजारी बसलेल्याने फोनवर रेकॉर्ड केलं तर चालतं, मध्ये न पडता. लांबून लक्ष ठेवायची ही आयडिया आजची नाही, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये १९६६ ला काळ्यांचा ब्लॅक पँथर पक्ष निघाला तेव्हा त्यांचं पहिलं काम हेच होतं, पोलिसांच्या गाडीमागे आपली गाडी न्यायची, कायदेशीर अंतरावर उभं राहायचं, हातात कायद्याचं पुस्तक, आणि हो, बंदुकाही, तेव्हा उघड बाळगणं तिकडे कायदेशीर होतं. सहा वर्षांनी मुंबईत ढसाळ आणि ज. वि. पवारांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव तिकडूनच आलं.

आता या गाइडमधलं भोक मीच दाखवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सांगितलं नाही. ६ जुलै २०१६ ला आमच्या शेजारच्या फाल्कन हाइट्समध्ये, लार्पेंटर अ‍ॅव्हेन्यूवर, फिलँडो कॅस्टिलला थांबवलं, मागचा दिवा बंद म्हणून. सेंट पॉलच्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायचा, कुठल्या पोराला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते त्याला पाठ. त्याआधी चाळीसहून जास्त वेळा त्याला थांबवलेलं. तो सर म्हणाला, सीटबेल्ट लावलेला होता, लायसन्सची बंदूक जवळ आहे हे त्याने स्वतःहून सांगितलं. सात गोळ्या, मागच्या सीटवर मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी, आणि तो गेला. पोलीस अधिकारी २०१७ मध्ये निर्दोष सुटला. मी वर लिहिलेलं सगळं बरोबर केलं तरी सगळ्यांना सारखाच निकाल मिळत नाही. मला मिळतो, बहुतेक वेळा, आणि तो माझ्या इंग्रजीमुळे मिळतो असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग २०१५ ची अलाबामातली बातमी वाचली, मुलाकडे नुकतेच आलेले एक गुजराती आजोबा सोसायटीत सकाळी फिरायला निघाले, शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की कोणी किडकिडीत काळा माणूस फिरतोय, पोलिसाने जमिनीवर आपटलं, आजोबा अंशतः लुळे पडले. त्यामुळे ग्रुपवर त्या एरियात जाऊ नका, तिकडे काळे राहतात, असले मेसेज टाकणाऱ्यांना मी हल्ली हीच बातमी पाठवतो. त्यांना आवडत नाही.

शेवटचं. इथे आलात की आय-९४ जपून ठेवा म्हणून सगळे सांगतील, म्हणजे देशात शिरल्याचा सरकारी रेकॉर्ड, त्याची प्रत फोनमध्ये ठेवाच. पण आय-९४ नावाचा हायवेही आहे, सेंट पॉल ते मिनियापोलिस, तुम्ही रोज त्यावरूनच जाल. १९५६ च्या हायवे कायद्यानंतर तो बांधला तेव्हा रोंडो नावाची काळ्यांची वस्ती मधोमध चिरली, सहाशेवर कुटुंबं उठवली. उत्तरेला रेल्वेच्या रुळांजवळून न्या असं शहराच्या इंजिनिअरने सुचवलं होतं, ऐकलं नाही. २०१५ मध्ये महापौरांनी माफी मागितली. डेल स्ट्रीटच्या एक्झिटजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलात तर दोन्ही बाजूच्या भिंतींकडे बघा, त्यांच्या वर घरं अजून आहेत, अलीकडे आणि पलीकडे, मधली तुमच्या चाकांखाली.

आणि टॅब्स. नंबर प्लेटवरचा तो छोटा स्टिकर, त्यावरचं वर्ष आणि महिना. रिन्यूअलचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि आपण विसरतो, दरवर्षी ग्रुपमधल्या कोणाचं तरी होतंच. आत्ता चप्पल घाला, खाली जा आणि बघून या.